लांडगा मेला, तरी घरचा कुत्रा का वाचत नसे?

अमेरिकेतल्या टेक्सासच्या जुन्या वसाहतकाळातल्या कथा वाचताना एक प्रसंग वारंवार भेटतो. रानाच्या कडेला एकटे घर असते, कर्ता पुरुष लांब गेलेला असतो आणि अंधार पडल्यावर अंगणात लांडगा येतो. घरातली बाई किंवा मूल त्याच्या तोंडी सापडणार, इतक्यात घरचा कुत्रा मध्ये पडतो. लांडगा मारला जातो, कुत्रा रक्तबंबाळ होतो, पण जगतो. इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही मुलखातल्या इमानी कुत्र्याची असू शकते. पुढचा भाग मात्र सहजासहजी पचनी पडत नाही, कारण ज्याने घर राखले त्याच कुत्र्याला घरचीच माणसे गोळी घालतात, आणि बहुतेकदा ते काम ज्या पोराचा त्याच्यावर सर्वांत जास्त जीव असतो त्याच्याच वाट्याला येते.

लहानपणी अशी गोष्ट ऐकलेला माणूस मोठेपणीही विचारतो की त्याला बांधून ठेवता आले नसते का, त्याच्यावर उपचार करता आले नसते का, निदान थोडे दिवस वाट पाहता आली नसती का. हे प्रश्न अगदी रास्त आहेत. त्यांची उत्तरे माणसांच्या स्वभावात सापडत नाहीत. या कथांतला लांडगा पिसाळलेला, म्हणजे रेबीज झालेला असतो, आणि ती उत्तरे त्या रोगाच्या चालीत सापडतात. ती चाल समजली की त्या कुत्र्याचा त्याग नेमका कुठे घडला हेही समजते, आणि माझ्या मते तो अंगणातल्या झुंजीत पुरा होत नव्हता.

आधी मुलूख पाहू. टेक्सासच्या मध्यभागी चुनखडीच्या टेकड्यांचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. सदाहरित ओक, खुरटे जुनिपर आणि लॅनो, पेडर्नालिस, ग्वाडलूप अशा नद्या ही त्याची ओळख. १८४५ मध्ये न्यू ब्राउनफेल्स आणि १८४६ मध्ये फ्रेडरिक्सबर्ग ही जर्मन वसाहतकऱ्यांची गावे इथे वसली. पण त्याआधीपासून हा मुलूख कोमांची आणि इतर मूळ रहिवाशांचा होता. म्हणून इथे ‘सरहद्द’ म्हणजे दोन देशांमधली रेघ नव्हे. नव्या वस्तीची जिथे कड संपते आणि पुढे शेजाऱ्याचा धूर दिसत नाही, ती जागा म्हणजे सरहद्द. १८६१ ते १८६५ या अमेरिकेच्या यादवी युद्धात पुरुष लढायला गेले. युद्ध संपले तेव्हा टेक्सासात गुरे उदंड होती आणि पैसा मात्र नव्हता. १८६७ मध्ये कॅन्सस राज्यातल्या ॲबिलीन गावी रेल्वेने गुरे चढवण्याची सोय झाली, तेव्हा पुरुष गुरांचे तांडे हाकत उत्तरेला जाऊ लागले. हा प्रवास हजार किलोमीटरच्या घरातला होता आणि जाऊन परत यायला महिने लागत. मागे घरात बायको, मुले, एक नळीची बंदूक आणि कुत्रे उरत.

त्या काळच्या घराचा एक नमुना कुत्र्याच्या नावानेच ओळखला जातो. लाकडी ओंडक्यांच्या दोन खोल्या, दोहोंवर एकच छप्पर आणि मधोमध आरपार उघडी ओसरी, अशी त्याची मांडणी असे. उन्हाळ्यात वारा खेळावा म्हणून ही ओसरी मोकळी सोडत, आणि तिथे कुत्रे निजत, ये-जा करत, म्हणून अशा घराला ‘डॉगट्रॉट’ म्हणत. घरात शिरायचे किंवा घराबाहेर पडायचे तर कुत्र्यावरूनच जावे लागे. घर बांधतानाच राखणदाराची जागा मधोमध सोडलेली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

हे कुत्रे उंची जातीचे नव्हते. आपण ज्याला गावठी म्हणू तशा, काटक, पिवळसर किंवा तपकिरी, बहुधा काळ्या तोंडाच्या या कुत्र्यांना तिकडे ‘कर्’ म्हणत. काटेरी तारेचे पेटंट १८७४ चे, त्यामुळे त्याआधी गुरे आणि डुकरे रानात मोकळी चरत. कोणाचे जनावर कोणते हे कानाला पाडलेल्या खाचेवरून ओळखत आणि त्या खाचांची नोंद सरकारदरबारी होत असे. अशा अर्धरानटी डुकरांना गाठून, घेरून, मालक येईपर्यंत धरून ठेवायचे, मक्याच्या शेतातून रकून आणि हरणे हाकलायची, अस्वलाची चाहूल द्यायची आणि रात्री ओसरीवर पडून ऐकत राहायचे, ही त्यांची कामे. कुत्रा नसलेल्या घराचा मका कणसात भरेपर्यंत टिकेलच याची खात्री नसे.

आता लांडग्याकडे येऊ, कारण सगळी गफलत इथे होते. त्या काळी टेक्सासात करडा आणि तांबडा अशा दोन्ही जातींचे लांडगे होते. पण निरोगी लांडगा माणसाला टाळतो. तो वासरू नेईल, शेळी नेईल, आणि कुत्रा भुंकू लागला, घरात दिवा हलला की निघून जाईल. राखणदार कुत्र्याचे रोजचे कामही याच भरवशावर चालते. तो आधी भुंकतो, केस फुलवतो, दोघांच्या मध्ये उभा राहतो. समोरच्यानेही हिशेब केलेला असतो, म्हणून प्रत्यक्ष झुंज क्वचितच होते. जगभरच्या मेंढपाळांचे कुत्रे बहुतेक रात्री दात न लावताच कळप राखतात.

रेबीज झालेल्या लांडग्याच्या मेंदूतला हा हिशेबच नष्ट झालेला असतो. त्याला भीती उरत नाही, भूक उरत नाही, कळपाची ओढही उरत नाही. तो मैलोन् मैल एकटा भटकतो, दिवसाउजेडी अंगणात येतो आणि जे हलेल त्याला चावत सुटतो. अशा प्राण्यापुढे भुंकणे, केस फुलवणे, आड उभे राहणे या साऱ्या युक्त्या फुकट जातात. एरवी जो सामना इशाऱ्यावर मिटला असता तो इथे शेवटपर्यंत लढावा लागतो, आणि एकमेकांत गुंतलेल्या दोन देहांपैकी कोणावर गोळी झाडायची हे अंधारात कळत नाही. एक नळीची बंदूक पुन्हा भरायला वेळ लागतो. तेवढा वेळ कुत्रा एकटा लढत असतो.

कुत्रा असे का करतो, याचे उत्तर त्याच्या पिल्लूपणात आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो ज्यांच्या सहवासात वाढतो त्यांना तो आपले मानतो, आणि जातिवंत राखणदारांना म्हणूनच पिल्लू असताना कळपात सोडतात. घरात वाढलेल्या कुत्र्याच्या लेखी घरातली माणसे हाच त्याचा कळप असतो. समोरचा लांडगा आजारी आहे, त्याच्या लाळेत मृत्यू आहे, हे त्याला ठाऊक नसते. त्याला एवढेच कळते की आपल्या माणसावर कोणी चालून येत आहे. त्या अजाणतेपणामुळे त्याच्या कृतीचे मोल रतीभरही कमी होते असे मला वाटत नाही.

झुंज संपते. लांडगा निपचित पडतो. कुत्र्याच्या तोंडावर, कानांवर, मानेवर आणि पुढच्या पायांवर दातांचे घाव असतात, कारण समोरून भिडणाऱ्याला घाव तिथेच बसतात. आणि खरे संकट आता सुरू होते.

रेबीजचा विषाणू अतिसूक्ष्म असतो आणि त्याचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा असतो. तो रक्तातून पसरत नाही, आणि या रोगातले पुढचे जवळजवळ सगळे त्यामुळेच घडते. चाव्याबरोबर तो स्नायूत उतरतो, तिथे काही काळ थांबतो आणि मग स्नायूला येऊन मिळालेल्या मज्जातंतूच्या टोकातून आत शिरतो. मज्जातंतूच्या लांबलचक धाग्यात पेशीची स्वतःची मालवाहतूक चालू असते; विषाणू त्या वाहतुकीत बसून उलट्या दिशेने, मज्जारज्जूकडे आणि तिथून मेंदूकडे निघतो. हा वेग दिवसाला काही सेंटिमीटर इतका असू शकतो. तंतूच्या आत असल्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ता लागत नाही, म्हणून ताप नाही, सूज नाही, काहीच नाही. घाव भरून येतात, कुत्रा उठतो, खातो, शेपूट हलवतो. घरच्यांना वाटते की वाचला.

मेंदूत पोहोचल्यावर विषाणू तिथे वाढतो आणि पुन्हा मज्जातंतूंवाटेच बाहेरच्या दिशेने निघतो. त्याचे महत्त्वाचे ठिकाण म्हणजे लाळग्रंथी. मेंदूतल्या बिघाडाने प्राणी आक्रमक होतो, घशाचे स्नायू लुळे पडल्याने त्याला लाळ गिळता येत नाही, आणि त्याच लाळेत विषाणू ठासून भरलेला असतो. चावण्याची ओढ आणि चावण्याचे विष एकाच वेळी तयार व्हावेत, अशी ही भयंकर जुळणी आहे. लाळेतूनच रोग जातो हे गेओर्ग झिंके या जर्मन वैद्याने १८०४ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. त्याने पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ निरोगी कुत्र्याच्या जखमेला लावून पाहिली आणि त्या कुत्र्याला रोग झाला.

आपण ‘पिसाळणे’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर धावून जाणारा कुत्रा येतो, पण या रोगाचे एक मुके रूपही आहे. त्यात कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो, त्याचा खालचा जबडा लोंबतो, तोंडातून लाळेची तार सुटते आणि आवाज घोगरा होतो. पाहणाऱ्याला वाटते की घशात हाड अडकले आहे, आणि तो मायेने त्याच्या तोंडात हात घालतो. त्या हातावर बारीकसा ओरखडा असला तरी पुरतो. दुसरा समज त्याहून घातक आहे आणि तो आपल्याकडेही सर्रास ऐकू येतो : कुत्रा पाणी पितो आहे, म्हणजे तो पिसाळलेला नाही. पाण्याची भीती हे माणसातल्या रेबीजचे लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्याला भीत नाही, त्याला गिळता येत नाही एवढेच, आणि सुरुवातीच्या दिवसांत तर तो पाणी पीतही असतो.

मग त्या कुटुंबाने वाट का पाहिली नाही? इथे हिशेब नीट मांडायला हवा. चावा बसल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कुत्र्यात बहुधा तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत काळ जातो, कधी त्याहून कमी, कधी बराच जास्त. घाव तोंडावर आणि मानेवर असेल तर मेंदूपर्यंतची वाट जवळची, म्हणून मुदत कमी. याचा अर्थ आठवडाभर तो ठणठणीत राहिला तर काहीच सिद्ध होत नाही, आणि महिनाभर राहिला तरीही नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी की लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीच त्याच्या लाळेत विषाणू उतरू शकतो. म्हणजे कुत्रा अजून शहाणा आहे, हाकेला येतो आहे, प्रेमाने हात चाटतो आहे, आणि त्या चाटण्यातच मरण आहे, असे काही दिवस येतात. ते दिवस नेमके कोणते, हे बाहेरून कोणालाही ओळखता येत नाही.

आपण दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवण्याचा जो नियम ऐकतो, तो वेगळ्या प्रसंगासाठी आहे. कुत्रा माणसाला चावला आणि त्यानंतर दहा दिवस तो निरोगी राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असा त्याचा अर्थ होतो. ज्या कुत्र्याला स्वतःला पिसाळलेल्या जनावराने चावले आहे त्याला हा नियम लागू होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत अजूनही होते, म्हणून हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

आता त्या घरात महिनोन् महिने कुत्रा बंद करून ठेवायचा म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणावे. कणसे साठवायची ओंडक्यांची कोठी, ओंडक्यांमध्ये बोटभर फटी, दाराला लाकडी खुंटी. रोज कोणीतरी आत पाण्याचे भांडे सरकवणार. कुत्रा फटीतून नाक बाहेर काढून विव्हळणार, आणि चार-पाच वर्षांचे पोर सगळ्यांची नजर चुकवून त्याच्या नाकावर हात ठेवणार. एखाद्या रात्री खुंटी निसटली तर तो पहिल्यांदा कुठे येईल? नेहमीच्या जागी, ओसरीवर, दोन खोल्यांच्या मधोमध. काही घरांनी असे जनावर बांधून पाहिले नसेल असे नाही, पण मागे एक बाई, दोन-तीन मुले आणि सांभाळायची गुरे असताना ही राखण करणार कोण? कुत्र्याने ज्यांच्यासाठी जीव पणाला लावला होता, त्यांच्याच जिवावर तो आता, स्वतःचा काहीही दोष नसताना, उठणार होता. म्हणून मी म्हणतो की त्याचा त्याग अंगणात पुरा होत नव्हता. तो पुढच्या काही दिवसांत, बंदूक भरणाऱ्या हातांपाशी पुरा होत असे, आणि त्यात कुत्र्याइतकाच वाटा त्या हातांचाही असे.

औषध नव्हते, पण उपाय पुष्कळ होते. हरणाच्या पोटात सापडणारा ‘मॅडस्टोन’ नावाचा खडा चाव्यावर ठेवत. तो विष शोषून घेतो, आणि दुधात उकळला की दूध हिरवे पडते, असा समज होता. आपल्याकडच्या जहरमोहऱ्याचाच हा भाऊ. तो चिकटला म्हणून माणूस वाचला असे सांगत. खरी गोष्ट अशी की पिसाळलेल्या जनावराने चावलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असे नाही. कपड्यावरून बसलेल्या चाव्यात लाळ पुसली जाते. जो वाचला त्याचे श्रेय खड्याला मिळत गेले. त्याखेरीज तापल्या लोखंडाने जखम डागत किंवा तेजाबी औषधाने जाळत. आणि याच घरांमध्ये राखेचे पाणी आणि चरबी यांपासून केलेला कडक साबण फडताळात पडलेला असे. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते आणि ते साबणाने फाटते. जखम ताबडतोब साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, हा आजही पहिला उपाय आहे. तो हाताशी होता, फक्त ठाऊक नव्हता. आपल्याकडे चाव्यावर तिखट, चुना किंवा हळद दाबतात, त्याने जखम चिघळते आणि धुण्याचा मोलाचा वेळ जातो, म्हणून ते अजिबात करू नये.

अमेरिकेतल्या त्या कुटुंबांना ठाऊक नसलेली गोष्ट १८८५ मध्ये पॅरिसला घडली. ६ जुलै रोजी लुई पाश्चर यांच्यासमोर अल्सास प्रांतातल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचण्यात आली. रोगट सशाचा मज्जारज्जू वाळवून विषाणू दुबळा करायचा आणि त्याच्या क्रमाक्रमाने तीव्र मात्रा द्यायच्या, अशी ती पद्धत होती. ती चालण्याचे कारण पुन्हा विषाणूच्या संथ वाटचालीतच आहे. तो तंतूतून मेंदूकडे निघालेला असताना शरीराला तयारीसाठी मिळणारा अवधी लस साधून घेते. ज्या दिरंगाईने घरच्या कुत्र्याबद्दल खात्री देणे अशक्य केले होते, तीच दिरंगाई चावलेल्या माणसाला वाचवण्याची संधी ठरली.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ज्यां-बातिस्त जुपिय हा गुराखी मुलगा पाश्चर यांच्याकडे आला. पिसाळलेला कुत्रा लहान सोबत्यांवर चालून आला तेव्हा हा पोर मध्ये उभा राहिला, त्याने कुत्र्याचे तोंड चाबकाच्या दोरीने आवळले आणि आपल्या लाकडी जोड्याने त्याला मारले. हातांना खोल चावे घेऊन तो पॅरिसला पोहोचला आणि वाचला. पाश्चर संस्थेच्या आवारात त्या झुंजीचा पुतळा आहे. टेक्सासच्या अंगणात कुत्र्याने केले तेच इथे मुलाने केले, पण मुलासाठी लस होती.

लांडग्याच्या चाव्यापुढे मात्र ही लसही कमी पडे. १८८६ च्या मार्चमध्ये रशियातल्या स्मोलेन्स्कहून लांडग्याने चावलेली एकोणीस माणसे पॅरिसला आली आणि त्यांपैकी तीन दगावली. लांडगा तोंडावर आणि डोक्यावर चावतो, घाव खोल आणि अनेक असतात, वाट जवळची असते, त्यामुळे लस जागी होण्याआधीच विषाणू मेंदू गाठतो. या कोड्याचे उत्तर १९५४ मध्ये इराणमधल्या सहने या गावी मिळाले. एका पिसाळलेल्या लांडग्याने तिथे २९ जणांना चावे घेतले. डोक्याला जबर जखमा झालेल्या अठरा जणांपैकी पाच जणांना केवळ लस मिळाली, त्यातले तीन गेले. तेरा जणांना लशीबरोबर तयार प्रतिपिंडांचे सीरमही मिळाले, त्यातला एकच गेला. लस शरीराला शस्त्रे घडवायला शिकवते, आणि त्याला दिवस लागतात. सीरम म्हणजे घडवलेली शस्त्रे लगेच हाती देणे. खोल चाव्यात आज डॉक्टर जखमेभोवती जे वेगळे इंजेक्शन देतात त्यामागे त्या गावातल्या माणसांचा अनुभव आहे.

आपल्या मागच्या पिढीला रेबीज म्हटले की ‘पोटात चौदा इंजेक्शने’ आठवतात. ती सेंपल लस होती. कसौलीच्या पाश्चर संस्थेची स्थापना १९०० ची, आणि कसौलीतच डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये जनावराच्या मेंदूपासून ही लस तयार केली. तिने असंख्य जीव वाचवले, पण ती वेदनादायक होती आणि मज्जासंस्थेवर तिचे गंभीर दुष्परिणामही कधीकधी होत. २००४-०५ च्या सुमारास भारतात तिचे उत्पादन बंद झाले. आता पेशींवर वाढवलेली लस दंडात, पहिल्या दिवसापासून मोजून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी देतात. अनेक सरकारी दवाखान्यांत ती कातडीत, कमी मात्रेत देतात. पोटाचा आता काही संबंध नाही, आणि त्या जुन्या भीतीने कोणी दवाखाना टाळत असेल तर त्याला हे आवर्जून सांगावे. एकदा लक्षणे उमटली की मात्र जवळजवळ काहीच हातात राहत नाही. सुश्रुतसंहितेनेही पिसाळलेल्या कुत्र्या-कोल्ह्यांच्या विषाचे वर्णन करताना जलत्रास हे असाध्यतेचे लक्षण म्हटले आहे.

टेक्सासचा तो प्रसंग आपल्याला वाटतो तितका परका नाही. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, सातारा या पठारी मुलखात लांडगा अजून आहे, आणि धनगरांचे वाडे शेतात बसतात तेव्हा मेंढरे जाळीत, कोकरे डालग्याखाली आणि कुत्रा कडेला, वाऱ्याकडे तोंड करून, अशीच रचना असते. ज्यांचा कुत्रा लांडगा, कोल्हा, मुंगूस किंवा अनोळखी कुत्र्याशी झुंजून जखमी होऊन येतो, त्यांनी पहिली गोष्ट लक्षात ठेवावी ती ही की हल्लेखोराची लाळ त्याच्या केसांत आणि जखमांत असते. ओरखडे असलेल्या उघड्या हातांनी त्याच्या जखमा धुऊ नयेत, हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत आणि त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. आधी लस झालेली असली तरीही तिची जादा मात्रा द्यावी लागते. आपल्या हाताला लाळ लागली असेल आणि कातडी फाटलेली असेल, तर स्वतःसाठीही डॉक्टरकडे जावे.

जिथे हे काम नेटाने झाले तिथे फरक दिसला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार कुत्र्यांपैकी ७० टक्के कुत्र्यांना लस दिली तर रोगाची साखळी तुटते. गोव्यात राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी वर्षानुवर्षे वाडी-वाडीवर जाऊन कुत्र्यांचे लसीकरण केले, कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

आणि टेक्सासच्या त्या टेकड्या? करडा लांडगा टेक्सासातून १९७० च्या सुमारास नाहीसा झाला, पण रेबीज नाहीसा झाला नव्हता. १९८८ मध्ये दक्षिण टेक्सासात तो कायोटी (लांडग्याच्या कुळातला, त्याहून लहान प्राणी) आणि घरचे कुत्रे यांच्यात पसरला, तर मध्य-पश्चिम भागात, म्हणजे याच टेकड्यांच्या बाजूला, करड्या खोकडांमध्ये. १९९५ पासून सरकारने विमानातून लस भरलेले खाद्याचे तुकडे रानात टाकायला सुरुवात केली. कायोटींनी आणि पुढे खोकडांनी ते खाल्ले आणि रोग मागे हटत गेला. कुत्र्यांमध्ये फिरणारा रेबीजचा प्रकार देशातून संपल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले. वटवाघळांचा आणि स्कंक या उग्र दुर्गंधी सोडणाऱ्या लहान रानप्राण्यांचा रेबीज मात्र अजून आहे, त्यामुळे तिथल्या कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला लस दिल्याचा धातूचा छोटा बिल्ला आजही असतो. लस झालेला असा कुत्रा रात्री अंगणात शिरलेल्या स्कंकशी भिडला आणि तो स्कंक रेबीजचा निघाला, तर पशुवैद्य त्याला लगेच लशीची आणखी एक मात्रा देतो आणि पंचेचाळीस दिवस वेगळे ठेवून नजरेखाली ठेवायला सांगतो. तेवढे दिवस सरले की पट्टा सोडतात आणि तो पुन्हा ओसरीवर आपल्या जागी जाऊन निजतो.